गावाचा पाणी ताळेबंद: सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करायचा प्रकल्प, पायरीपायरीने

मार्च महिन्यात परीक्षक म्हणून मला वेगवेगळ्या कॉलेजांचे सीईपी (कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्राम, म्हणजे गावात-समाजात जाऊन करायचा प्रकल्प) अहवाल तपासावे लागतात. स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर गावाच्या कमानीपुढचा ग्रुप फोटो, मध्ये पन्नास जणांची प्रश्नावली, तीन पाय चार्ट आणि शेवटी ठरलेला निष्कर्ष: ‘ग्रामस्थांमध्ये जनजागृतीची आवश्यकता आहे.’ तो अहवाल गावात कुणी पाहिलेलाही नसतो.

यात पोरांचा दोष थोडा आणि क्रमाचा जास्त. आधी कॉलेजात विषय ठरतो, मग त्यात बसणारं गाव शोधलं जातं, मग फॉर्म भरले जातात. गावाला उत्तर नेऊन देण्याची पायरी यादीतच नसते. खाली तोच क्रम सरळ करून मांडला आहे. उदाहरण घेतलंय गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं, म्हणजे वर्षभरात गावात किती पाणी येतं आणि किती खर्च होतं या हिशेबाचं, कारण भूगोल, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, वाणिज्य, मराठी आणि संख्याशास्त्र यांतलं कुणीही एकटं तो पुरा करू शकत नाही.

## १. आधी कॅलेंडर, मग गाव

दोन क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे साठ तास. एका सत्रात ते उरकायला गेलात तर हाती फॉर्मच पडतात. म्हणून विद्यापीठाची चौकट परवानगी देत असेल, तर एका सत्राचा फील्ड प्रोजेक्ट आणि पुढच्या सत्राचा सीईपी एकाच गावात, त्याच गटाला द्या. तास दुप्पट होतात आणि गावाला दोनदा ओळख करून द्यावी लागत नाही.

आता भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी लावा, एक कॉलेजचं आणि एक गावाचं. गावाच्या कॅलेंडरवर या गोष्टी लिहा: पेरणी, सोयाबीनची काढणी, रब्बीची पेरणी, ऊसतोड असेल तर कुटुंबं कधी गाव सोडतात, गावाची जत्रा आणि ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरनंतर सुरू होतं. तुमचं उत्तर त्या काळात गावाच्या हातात पडलं तर त्याचा उपयोग. मार्चमध्ये पडलं तर ते कपाटात जातं.

मी साधारण असं आखतो: जुलैत ओळख, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत परवानगी, सप्टेंबर-ऑक्टोबरात मोजणी, नोव्हेंबर-डिसेंबरात मांडणी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ताळेबंद. डिसेंबरअखेर कच्चे आकडे आराखडा करणाऱ्यांना देऊन ठेवायचे.

थांबा: सोयाबीन काढणीच्या पंधरवड्यात मुलाखती ठेवू नका. घरी भेटतील ती म्हातारी माणसं आणि लहान मुलं. मग अहवालात ‘७० टक्के उत्तरदाते साठीच्या पुढचे’ येतं आणि तो गावाचा गुणधर्म समजला जातो.

## २. गाव निवडणे

कॉलेजपासून वीसेक किलोमीटरच्या आत, एसटीने जाता-येता येईल असं. आदर्श म्हणून गाजलेलं गाव टाळा. तिथे पाहुण्यांना सांगायची उत्तरं तयार असतात. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याचं गाव असेल तर सोपं जातं, पण मग त्याच्या भावकीची बाजू तुमच्या वहीत अलगद उतरते, एवढं ध्यानात ठेवा.

लोकसंख्या हजार ते अडीच हजार, शिवार चार-पाचशे हेक्टर. याहून मोठं गाव पहिल्या वर्षी झेपत नाही.

## ३. पहिली भेट: फॉर्म न नेता

दोन प्राध्यापक आणि चार विद्यार्थी, बस्स. भेटायची माणसं: सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (गाव अजून ‘ग्रामसेवक’च म्हणतं), नळपाणी योजनेचा कर्मचारी, आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या एक-दोन बायका, आणि पारावर बसणारे दोघं-तिघं. नळ सोडणाऱ्या माणसाला बहुतेक गट विसरतात. कुठल्या वाडीला किती मिनिटं पाणी जातं, कुठला व्हॉल्व्ह गळतो आणि कुणाच्या दारापुढे भांडण होतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आमच्या पहिल्याच वर्षी आम्ही चाळीस पोरं घेऊन एका बसने थेट गावात उतरलो होतो, हातात छापील फॉर्म. एका आजीने ओट्यावरूनच विचारलं, “मागल्या साली बी लिहून नेलं व्हतं की. त्याचं काय झालं?” दुसऱ्याच कॉलेजने नेलं होतं, पण तिला काय सांगणार! त्या दिवशीचे सगळे फॉर्म आम्ही नंतर बाजूला ठेवले, कारण गावाने ते उरकायचे म्हणून भरून दिले होते.

या भेटीत एवढंच विचारा: पाण्यावरून गावात काय अडतं? कधी अडतं? आधी कुणी मोजलंय का? आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा: आम्ही टाकी बांधणार नाही, टँकर आणणार नाही, पैसे आणणार नाही, मोजून देऊ. हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर डिसेंबरात तुमच्याकडे बोअरची मागणी येते.

तपासणी: परत आल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने गावाच्या शब्दांत तीन वाक्यं लिहावीत. चौघांचीही वाक्यं सारखीच आली तर सगळे एकाच माणसाशी बोलले आहेत. पुन्हा जा.

## ४. प्रश्न ठरवणे

‘गावातील पाणी समस्येचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘ऑक्टोबरात विहिरी काठोकाठ असतात, मग एप्रिलात टँकर का लागतो?’ हा प्रश्न. फरक असा की दुसऱ्याचं उत्तर चूक किंवा बरोबर निघू शकतं.

प्रश्नाला आणखी एक कसोटी लावा: तो एकाच विभागाला सोडवता येतो का? येत असेल तर तो त्या विभागाचा प्रकल्प आहे, त्यांनाच करू द्या. टँकरच्या प्रश्नाला खडक, पीक, पंपाची वीज, पाणीपट्टी आणि वाड्यांमधलं राजकारण असं सगळं लागतं.

हा प्रश्न १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायचा. आधी अर्ज देऊन तो विषयपत्रिकेत घालून घ्या. ‘ऐनवेळचे विषय’ येईपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी ते लागतात. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, म्हणून एक तारीख राखून ठेवा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. त्या सभेला नक्की जा. घागरी मोजणारं गाव तिथे बसलेलं असतं.

## ५. गट बांधणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. रसायनवाले नमुने आणतात, अर्थशास्त्रवाले फॉर्म भरतात, मराठीवाले प्रस्तावना लिहितात, आणि शेवटी बाइंडिंगवाला चार अहवाल एकत्र शिवतो. अशा प्रकल्पात आंतरविद्याशाखीय असं काम एकट्या बाइंडिंगवाल्याने केलेलं असतं.

त्याऐवजी सहा-सहा जणांचे मिश्र गट करा. प्रत्येक गटाला काम विषयाने वाटू नका, जागेने वाटा: एका गटाकडे गावठाण, दुसऱ्याकडे ओढ्याच्या वरचं शिवार, तिसऱ्याकडे खालचं, चौथ्याकडे वाड्या-वस्त्या. आपल्या भागातलं सगळं त्या गटाने करायचं. टेप वाणिज्यच्या मुलीने धरायची, पाणीपट्टीचं रजिस्टर रसायनशास्त्राच्या मुलाने वाचायचं, आणि ज्याचा तो विषय आहे त्याने शेजारी उभं राहून शिकवायचं. पहिले दोन आठवडे कुरकुर होते. होऊ द्या.

सगळ्या गटांचा तक्ता मात्र एकच. एक ओळ म्हणजे एक विहीर किंवा एक बोअर. रकाने सगळ्या विषयांचे: व्यास, खोली, पाण्याची पातळी, खडक, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), पंपाचा एचपी, पिकं, किती घरं अवलंबून. आणि प्रत्येक आकड्यापुढे एक खूण: ‘मो’ म्हणजे मोजलेलं, ‘सां’ म्हणजे सांगितलेलं. ही दोन अक्षरं नसतील तर जानेवारीत तुम्हाला कुठला आकडा खरा धरायचा ते कळणार नाही.

## ६. शिवारफेरी

नकाशा मोबाइलवर आधी बघा, पण ओढा पायी चाला, उगमाकडून गावाबाहेर जातो तिथपर्यंत. बरोबर दोन शेतकरी घ्या. वाटेत मुरूम कुठे उघडा पडलाय, काळा पाषाण कुठे लागतो, बंधारा कुठे गाळाने भरलाय, हे नकाशावर मांडा. गट नंबर तलाठ्याच्या नकाशावरून घ्या, अंदाजाने लिहू नका.

## ७. विहिरी मोजणे

लागणारं सामान साधं आहे: ३० मीटरचा टेप, वजन म्हणून बांधायला लोखंडी नट, खडू, वही. बोअरची पातळी अशी मोजता येत नाही. त्यात पंप आणि पाइप अडकलेले असतात, ती ‘सां’ म्हणूनच लिहा.

क्रम असा ठेवा. मालकाची परवानगी घ्या आणि पंप शेवटचा कधी चालला ते विचारा. आठ-दहा तास बंद नसेल तर विहीर सोडा, उद्या या. थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची आहे की दिवसाची, हे आधी विचारून मगच दिवस ठरवा. रात्रभर उपसलेली विहीर सकाळी मोजून ‘पातळी खोल गेली’ असं लिहिणारे गट मी पाहिले आहेत. मग कठड्याच्या काठापासून पाण्यापर्यंत मोजा, कठड्याची जमिनीपासूनची उंची वेगळी मोजा आणि ती वजा करा. जिथून मोजलं तिथे खडूने खूण करा, मालक हो म्हणाला तर रंगाने. पुढच्या वेळी तिथूनच मोजायचं आहे.

शेतकरी खोली परसात सांगतात, ‘सात परस विहीर आहे.’ परस म्हणजे पुरुषभर. पण तो पुरुष कुणी पाच फुटांचा धरतो, कुणी सहाचा. परस आहे तसाच लिहा, ‘सां’ खूण करा आणि टेप सोडा.

विहिरीतलं पाणी काढायचं सूत्र: व्यास × व्यास × ०.७८५ × पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येतं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. विहीर गोल नसेल तर दोन बाजूंनी व्यास मोजून सरासरी घ्या.

थांबा: शेतातल्या कित्येक विहिरींना कठडा नसतो आणि पावसाळ्यात काठ भिजून सुटलेला असतो. काठावर एकच माणूस, तोही बसून, आणि मागे दोघं. कठडा नसलेली विहीर कुणीही एकट्याने मोजायची नाही. सप्टेंबरात गवत गुडघाभर असतं. बूट आणि काठी हवीच.

तपासणी: दहातल्या दोन विहिरी दुसऱ्या गटाने, आधीचा आकडा न बघता, पुन्हा मोजाव्यात. फरक १० सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर त्या गटाची सगळीच मोजणी परत.

## ८. पाण्याचे नमुने

रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली अजिबात विसळायची नाही. क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात आधीच औषध घातलेलं असतं, ते धुऊन जातं. दरवर्षी कुणीतरी नेमकं उलटं करतं. हातपंप असो की नळ, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग भरा. जंतूंचे नमुने बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचले पाहिजेत. त्यामुळे नमुन्यांचा दिवस सोमवार ते गुरुवार ठेवा. शनिवारी आणलेले नमुने कुलपाबाहेर बसतात.

मर्यादा लक्षात ठेवायच्या त्या या: टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत, नायट्रेट ४५, फ्लोराइड १, नाइलाजाने १.५. नळाच्या टोकाला शिल्लक क्लोरीन किमान ०.२. या शिल्लक क्लोरीनची तपासणी, म्हणजे ओटी टेस्ट, गावात रोज होणं अपेक्षित असतं. तिचं रजिस्टर बघा, आणि शेवटच्या घरच्या नळाला स्वतः एकदा करून बघा. ग्रामपंचायतीला आरोग्य विभागाचं हिरवं, पिवळं की लाल कार्ड आहे तेही विचारा.

थांबा: एखादा नमुना दूषित निघाला तर तो व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही. दुसरा नमुना घ्या, खात्री करा आणि त्याच दिवशी ग्रामपंचायत आणि आशाताई दोघांनाही लेखी कळवा. एका वर्षी आमच्याच पोराने पहिल्या निकालाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. दुसरा नमुना चांगला निघाला, पण तोवर ती विहीर महिनाभर बंद झाली होती आणि दोन वस्त्या लांबून पाणी आणत होत्या.

## ९. माणसांशी बोलणे

इथे लांबण लावत नाही. प्रश्न दहाच्या वर नकोत. आधार नंबर, जात, मोबाइल नंबर विचारायचा नाही. ताळेबंदाला त्याची गरज नाही. फोटो विचारून. पाणी कोण भरतं, किती फेऱ्या, किती वेळ, ही उत्तरं भरणाऱ्या बाईकडूनच घ्या. पुरुष ‘पाच-दहा मिनिटं’ म्हणतो, ती ‘दीड तास’ म्हणते. दोन्ही लिहा. मराठीच्या मुलांचा इथे खरा उपयोग: बोललेलं जसंच्या तसं उतरवणं. ‘पाण्याची टंचाई जाणवते’ असं कुणी बोलत नाही.

## १०. ताळेबंद मांडणे

हिशेब गावातल्या माणसाला फळ्यावर खडूने समजला पाहिजे. एक नमुना करून दाखवतो.

५०० हेक्टर शिवार, ६०० मिलिमीटर पाऊस. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. म्हणून एकूण पाऊस ३०० कोटी लिटर.

गावाची लोकसंख्या २,०००. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर. वर्षाचे साधारण ४ कोटी लिटर.

इथे सभेत कुजबुज सुरू होते, ‘मग पाणी जातं कुठं?’ ती होऊ द्या, उत्तर लगेच देऊ नका.

३०० कोटीतलं पुष्कळ पाणी ओढ्याने जातं, पुष्कळ उडून जातं, पुष्कळ उभी पिकंच पितात. जमिनीत साठलेलं पाणी काढायला मे आणि ऑक्टोबरमधल्या पातळ्यांचा फरक घ्यायचा, क्षेत्रफळाने गुणायचं आणि खडकाच्या पाणी देण्याच्या क्षमतेने गुणायचं. आपल्या झिजलेल्या काळ्या पाषाणासाठी ती ढोबळमानाने दोन टक्के धरतात. पातळी सरासरी पाच मीटर वाढली असेल, तर ५०० हेक्टरांत सुमारे ५० कोटी लिटर.

आता खर्चाची बाजू. एक हेक्टर उसाला वर्षाचं साधारण २,००० मिलिमीटर पाणी धरलं तर २ कोटी लिटर होतात. म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्या-वापरण्याचं पाणी सारखंच. यातलं काही पावसाने भागतं, तो भाग वजा करून दाखवा. नाहीतर पहिला हुशार शेतकरीच तुम्हाला उघडं पाडेल.

नेहमीच्या चुका तीन. पहिली: सगळ्या विहिरींतलं पाणी बेरीज करून त्यालाच भूजल म्हणणं. विहीर ही खिडकी आहे, साठा भोवतीच्या खडकात असतो. दुसरी: तालुक्याच्या पर्जन्यमापकाचा आकडा गावाचा म्हणून लावणं, जवळचं महसूल मंडळ बघा, आणि जूनपासून शाळेच्या आवारात एक साधा मापक ठेवा. तिसरी: ‘सां’ आकडे ‘मो’ आकड्यांत मिसळणं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळपास असेल तर तिच्या पातळ्यांशी आपल्या पातळ्या ताडून बघा.

## ११. ग्रामसभेत मांडणे

बोलायला वीस मिनिटं, त्यातली दहा गावासाठी. पॉवरपॉइंट नको, लाईट जाते. दोन मोठे कागद न्या: एकावर शिवाराचा नकाशा, दुसऱ्यावर जमा-खर्च. मांडणी विद्यार्थ्यांनी करायची. प्राध्यापक मागे बसतील.

कागदावर कुणाचं नाव किंवा गट नंबर येऊ देऊ नका. ‘ओढ्याच्या खालच्या भागात १२ हेक्टर ऊस’ एवढं पुरे. तो कुणाचा, हे सभेतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही बोट दाखवलंत तर सभा पाण्यावरून उठून त्या माणसावर बसते. कुठलं पीक घ्या हेही सांगू नका. हिवरे बाजारात ताळेबंदावरून पिकं ठरतात ती ग्रामसभाच ठरवते. तुम्ही तीन पर्याय आणि प्रत्येकाला लागणारं पाणी मांडा, आणि गप्प बसा.

तपासणी: सभेच्या इतिवृत्तात तुमचा विषय आणि त्यावर काय ठरलं ते लिहिलं गेलं का? प्रत मागून घ्या. ‘काही ठरलं नाही’ असं असेल तर तेच अहवालात लिहा.

## १२. गुण आणि कागद

सरपंचांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र कॉलेजच्याच संगणकावर टाइप होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला गुण देऊ नका. मी असे देतो: रोजची क्षेत्रवही ३०, तक्त्यातले स्वतः मोजलेले आकडे ३०, दुसऱ्या विषयाचं काय शिकलात याची तोंडी २०, ग्रामसभेतली मांडणी २०. तोंडीत वाणिज्यच्या मुलीला विचारायचं, पंप चालू असताना पातळी का मोजायची नाही. अहवाल २५ पानांत बसवा. मूळ तक्ता, नकाशा आणि चार पानांचा मराठी सारांश ग्रामपंचायतीकडे, एक प्रत शाळेत, आणि तिन्हींची पोच घ्या.

## १३. मे महिन्याची मोजणी

वरच्या हिशेबात मे आणि ऑक्टोबर दोन्ही लागतात, आणि मेमध्ये कॉलेज बंद असतं. पोरं परीक्षा देऊन गावी, प्राध्यापक पेपर तपासणीत. पहिल्या वर्षी मेचे आकडे म्हणून शेतकऱ्याला ‘उन्हाळ्यात पाणी कुठल्या टप्प्यापर्यंत होतं’ असं विचारून घेतलेला ‘सां’ आकडाच चालवावा लागतो. दुसऱ्या वर्षी चालवू नका.

फेब्रुवारीतच जलसुरक्षक (गावाच्या पाण्याच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणारा ग्रामपंचायतीचा माणूस) आणि गावातली दोन बारावीची पोरं यांना मोजणी शिकवा. खुणा केलेल्या दहा विहिरी पुरतात, सगळ्या नकोत. टेप आणि वही गावातच ठेवून या. तीनशे-चारशे रुपयांचा टेप कॉलेजच्या स्टोअरला परत जमा करायचा म्हणून लेखनिक मागे लागेल, त्याची तजवीज आधीच करून ठेवा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस फोन करायचा आणि वहीच्या पानाचा फोटो मागवायचा. आमच्या गेल्या वर्षीच्या फोटोत दहापैकी आठ विहिरी आहेत. उरलेल्या दोन ओळींत पोराने पेन्सिलीने लिहिलंय, ‘मालक लग्नाला गेले. बुधवारी बघतो.’